ॲन सलिव्हन यांच्याकडून होऊ घातलेल्या शिक्षकाने नेमके काय घ्यावे?

सरावपाठ (प्रश्न)

नमस्कार. मी शिक्षणशास्त्र पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका प्रेरणादायी शिक्षकाकडून आपण काय शिकलो, याची वर्गात मांडणी करायची असून मी लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या हेलन केलर यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांची निवड केली आहे. टिपणे पुष्कळ काढली. पण ती वाचताना लक्षात येते की प्रत्येक पानाच्या शेवटी चिकाटी, माया आणि त्याग हे तीनच शब्द उरतात, आणि हे शब्द कोणत्याही चांगल्या शिक्षकाला लावता येतील. शिवाय त्यांच्यापुढे एकच मूल होते, माझ्यापुढे चाळीस असतील. उद्या वर्गात उभी राहताना उपयोगी पडेल असे त्यांच्या कामात काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी हजेरी

आपली मांडणी बहुधा पाण्याच्या पंपापाशी सुरू होऊन तिथेच संपत असावी, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे हेलनला पहिल्यांदा उमगले तो ५ एप्रिल १८८७ चा प्रसंग हृद्य आहेच, पण शिक्षकाच्या दृष्टीने त्याच्या आधीचा महिना आणि नंतरचे पाच दिवस अधिक मोलाचे आहेत.

सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी अलाबामातील टस्कंबिया येथे केलर कुटुंबाकडे पोहोचल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते आणि शिकवण्याचा अनुभव शून्य होता. मात्र त्या कोऱ्या पाटीने गेल्या नव्हत्या. बॉस्टनच्या पर्किन्स या अंधांच्या शाळेत लॉरा ब्रिजमन या दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या स्त्रीला पूर्वी कसे शिकवले गेले होते, त्याचे अहवाल त्यांनी निघण्यापूर्वीचे कित्येक महिने वाचून काढले होते. हेलनच्या तळहातावर त्या बोटांच्या लिपीने शब्द लिहीत आणि हेलन त्यांची हुबेहूब नक्कल करी. परंतु त्या खुणा म्हणजे वस्तूंची नावे आहेत, हे तिला उमगलेले नव्हते. पेला आणि दूध या दोन शब्दांनी तर फार छळले, आणि त्याचे कारण सलिव्हन यांनी पत्रात नोंदवले आहे. यांपैकी कोणताही शब्द लिहिताना हेलन पिण्याचा अभिनय करी, म्हणजे वस्तूचे नाव आणि पिण्याची क्रिया यांची तिच्या मनात सरमिसळ झाली होती. ही नोंद आपण दोनदा वाचावी. मूल चुकले एवढे म्हणून त्या थांबल्या नाहीत. चुकीच्या आत मुलाचे कोणते तर्कशास्त्र चालले आहे, ते त्यांनी हेरले. म्हणूनच पंपावर हेलनच्या एका हातात पेला देऊन त्यावर पाण्याची धार सोडणे आणि दुसऱ्या हातावर 'पाणी' लिहिणे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पेला वेगळा आणि पाणी वेगळे, हे तिथे स्पर्शालाच कळत होते.

आता नंतरचे पाच दिवस. इतके यश मिळाल्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी तीच पद्धत पुढे रेटली असती. सलिव्हन यांनी १० एप्रिलच्या पत्रात ठरावीक वेळेचे पाठ तूर्त बंद करत असल्याचे कळवले. सामान्य मूल भाषा कशी शिकते, असा प्रश्न स्वतःला घालून त्यांनी हेलनच्या पंधरा महिन्यांच्या चुलत बहिणीचे निरीक्षण केले. त्या बाळाला बोलता फारसे येत नव्हते, पण समजत पुष्कळ होते, कारण त्याच्याशी सगळे अखंड बोलत होते. मग बाळाच्या कानात बोलतात तसे आपण हेलनच्या हातात बोलायचे, तेही पूर्ण वाक्यांत, असे त्यांनी ठरवले. पाठ टाचण कितीही चांगले वठले असले तरी मुलाकडे पाहून ते बदलण्याची ही तयारी चाळीसांच्या वर्गातही चालते. सगळी चाळीस मुले रोज बारकाईने पाहणे शक्य नाही, हे मान्य. दिवसाला दोघे पाहता येतात.

स्पर्शलिपी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण विशेष शिक्षणात काम करत असल्याने दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. पहिली अशी की, सलिव्हन येण्यापूर्वी हेलन म्हणजे निव्वळ अंधार होता, हे चित्र खरे नाही. घरात वापरायच्या सुमारे साठ खुणा तिने स्वतः घडवल्या होत्या आणि स्वयंपाकिणीच्या मुलीशी त्या खुणांनी तिचे व्यवहार चालत. मुलाकडे आधीपासून जे असते त्यावरच पुढचे रचता येते. प्रेरणेच्या गोष्टी सांगताना नेमका हाच भाग गाळला जातो, याची मला चीड येते.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळेच अनुकरणीय नाही. हेलनने इतरांच्या ताटात हात घालू नये म्हणून जेवणाच्या टेबलावर झालेली ती प्रसिद्ध झटापट आणि त्यानंतर मुलीला आईवडिलांपासून दूर बागेतल्या छोट्या घरात सुमारे दोन आठवडे ठेवणे, हे आज कोणत्याही शिक्षकाला करता येणार नाही आणि करूही नये. तसेच १८८७ पासून १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या हेलनबरोबर राहिल्या, हा शिक्षकी पेशाचा मापदंड मानू नये. ते त्या दोघींचे आयुष्य होते.

सरावपाठ

दोघांचे मनापासून आभार. पेला आणि दुधाची नोंद वाचताना मला माझाच एक सराव पाठ आठवला. चौकटींच्या कागदावर चार बाय तीनचा आयत देऊन क्षेत्रफळ विचारले होते. एक मुलगा दर वेळी १४ हेच उत्तर देई. मी दोनदा सूत्र सांगितले, तिसऱ्यांदा आवाज चढवला, आणि निरीक्षण वहीत 'क्षेत्रफळाची संकल्पना कच्ची' असा शेरा लिहून मोकळी झाले. तो बोट आयताच्या कडेवरून फिरवत मोजत होता, हे मला दिसत होते; पण दिसूनही मी ते पाहिले नाही. तो परिमिती अचूक काढत होता!

जुनी हजेरी

मग मांडणीची सुरुवात याच मुलापासून करावी, सलिव्हन नंतर आल्या तरी चालतील. जमल्यास त्याच्याकडे पुन्हा जाऊन तो आयत कागदी चौकोनांनी झाकायला सांगावा, किती लागले ते त्यालाच मोजू द्यावे, आणि मग १४ कशाचे होते, हे विचारावे. सूत्र तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे.

सरावपाठ

सोमवारी त्याच वर्गावर तास आहे. बारा चौकोन आजच कापून ठेवते. दोन-तीन जास्तच कापते, म्हणजे किती पुरेसे झाले हे त्यालाच ठरवावे लागेल.