ओमनीचा मागचा एक्सल भंगारातून घेतो आहे, काय काय पाहावं?

दारव्ह्याची ओमनी
राम राम मंडळी. 2011 ची ओमनी हाय माझी. सकाळी शाळेची पोरं, दुपारून भाजीचे कट्टे. मागच्या पावसाळ्यात फुटलेल्या रपट्यावर डावं चाक दणकन आदळलं. तेव्हापासून डावा टायर आतून खाते अन् गाडी थोडी तिरकी चालते. मिस्त्री म्हणते हाऊसिंग, म्हंजे एक्सलची बाहेरची नळी, वाकलं. अमरावतीले एकाजवळ दोन एक्सल हायेत, एक ओमनीचा अन् एक ईकोचा. तो म्हणते, "दोन्ही मारुतीचेच, ईकोचा मजबूत, थोडं वेल्डिंग केलं की बसते." डिफरेन्शियलसकट, म्हंजे मधल्या गिअरच्या गोळ्यासकट, साडेआठ हजार सांगते. घेऊ का? मागं लेकरं बसतात, म्हणून जीव लागत नाही.

मोर्शीकर
भाऊ, पैसे देण्याआधी पाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) मधला सेंटर बोल्ट पाहून घ्या. तो तुटला की एक्सल पाट्यावर सरकते अन् गाडी तिरकी धावते, हाऊसिंग सरळ असलं तरी. पाट्याच्या पुढच्या पिनपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. माप वेगळं आलं तर तिथं दोष हाय.

परतवाडा गॅरेज
मोर्शीकर बरोबर बोलले, बोल्ट पाहाच. पण टायर एकाच बाजूला आतून खातो आहे, म्हणजे वाकही असणार. मिस्त्रीचं ऐका.

आता ईकोचं. तो एक्सल डोक्यातून काढून टाका. ओमनीच्या मागं पाटे आहेत, एक्सल यू-बोल्टने पाट्यावर आवळलेला असतो. ईकोला मागं कॉईल स्प्रिंग अन् दांड्या, त्यामुळे हाऊसिंगवर ब्रॅकेटच वेगळे. ते कापून पाट्याची बैठक वेल्ड करायची म्हणजे नळी तापणार अन् ओढली जाणार. या एक्सलमध्ये मागच्या भागाचं वजन शाफ्टच्या (नळीतून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या टोकावर येतं. नळी जराशी तिरकी झाली की बेअरिंग खाऊन जाते, शाफ्टला ताण बसतो, अन् शाफ्ट तुटला तर चाक त्याच्यासकट बाहेर येतं. तुमच्या गाडीत लेकरं बसतात. असं काम माझ्याकडे कोणी आणलं तर मी करत नाही.

ओमनीचा म्हणून जो दाखवतो आहे, तोही नुसत्या नावावर घेऊ नका. आपला एक्सल खाली उतरवा अन् माप कागदावर लिहून न्या: दोन्ही पाट्यांच्या बैठकींचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर, एका ड्रमच्या तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या तोंडापर्यंत लांबी, सेंटर बोल्टचं भोक, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजची भोकं. एक रिम सोबत न्या अन् तिथंच ड्रमवर बसवून पाहा. ब्रेक पाईपचं नट अन् हँडब्रेकच्या केबलचं टोक लोक पाहत नाहीत, मग घरी आल्यावर अडतं.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला पिनियन (डिफरेन्शियलचा छोटा गिअर) किती फिरतो ते, मोजायचा तर एक चाक घट्ट धरून ठेवा, दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवा अन् पिनियनचा फ्लँज किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. तेवढाच रेशो. क्राउनला (मोठ्या गिअरला) 41 दात अन् पिनियनला 8 असले तर फ्लँज पाच फेरे पूर्ण करून आणखी थोडासा सरकेल. तुमच्या जुन्या एक्सलवरही हेच करा. दोन्ही जुळले नाहीत तर इंजिनचा आवाज अन् वेग यांचा मेळ बिघडतो, अन् स्पीडोमीटरही खोटं दाखवतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्सवरून येते.

ड्रेन प्लग उघडून ऑइल बोटावर घ्या. चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचेही पार्ट विकायला येतात. चकाकणारे लोखंडाचे कण असले तर घेऊ नका. फ्लँज धरून मागं-पुढं फिरवला तर किंचित खेळ चालतो, वर-खाली हलला तर पिनियनचं बेअरिंग गेलं. शाफ्ट बाहेर काढायला लावा: दाते पिळलेले नकोत, अन् ऑइल सील बसते तिथं खाच पडलेली नको.

दारव्ह्याची ओमनी
सेंटर बोल्ट शाबूत हाय, दोन्हीकडचं माप सारखंच आलं. म्हणजे हाऊसिंगच. ईको सोडला. पण रेशो जुळला नाही तर काय करू? माझं डिफरेन्शियल आवाज बिलकूल करत नाही.

परतवाडा गॅरेज
मग रेशोची भानगडच मिटली. ओमनीचं डिफरेन्शियल हाऊसिंगच्या पुढून नट काढून अख्खं बाहेर येतं. तुम्ही रिकामं हाऊसिंगच मागा अन् आपलंच डिफरेन्शियल त्यात बसवा. तो पूर्ण सेटच विकतो म्हणेल, तर भाव पाडून घ्या. आपले शाफ्ट वापरायचे असतील तर आधी सरळ आहेत का ते पाहा, त्या धक्क्यात तेही वाकले असू शकतात. डावा-उजवा खूण करूनच काढा.

बसवताना यू-बोल्ट, नट अन् ऑइल सील नवीन घाला, गॅसकेटही. गिअर ऑइल 90 नंबरचं हायपॉइड, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. हाऊसिंगच्या श्वासनळीत माती अडकलेली असते, ती मोकळी करा, नाहीतर सील पुन्हा गळतं. पोरांना बसवण्याआधी गाडी रिकामी फिरवून आणा अन् यू-बोल्ट परत आवळा. ज्या गाडीतून हाऊसिंग काढलं तिचा नंबर पावतीवर लिहून घ्या, चोरीचा माल असला तर पुढे तुम्हालाच त्रास.

दारव्ह्याची ओमनी
यू-बोल्ट कोणत्या मापाचे आणू?

परतवाडा गॅरेज
जुनाच काढून दुकानात घेऊन जा. जाडी, आतली रुंदी अन् आटे तिथंच जुळवून घ्या.