सेंद्रियचं तिसरं वर्ष, भुईमूग वाळतोय, आणि सर्टिफिकेटचं काय करू?

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात आमची अडीच एकर, मी, बायको आणि आईवडील असे चौघंच राबतो. तीन वर्षं झाली युरिया डीएपी बंद, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी) आणि शेणखतावरच चाललंय. वाटाणा घेवडा बरा निघाला पण यंदा भुईमुगाचे वाफेच्या वाफे पिवळे पडले, एक झाड ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळंच उरली नव्हती, उकरलं तर पांढरी जाड अळी, अंग मुडपून पडलेली, हातभर जागेत तीन सापडल्या. वडील, म्हणजे अण्णा, म्हणतात बस झालं, दाणेदार रासायनिक औषध टाक. त्यात बाजारात सेंद्रियला रुपयाही जास्त मिळत नाही. पुण्यातल्या एका सोसायटीत १५ घरं दर शनिवारी भाजी घेतात, पण आता सर्टिफिकेट मागतात. काय करू?

काळी माती: दादा ही हुमणी. शेणखत नीट कुजलेलं होतं का? कच्च्या खतात हिची चांगलीच वाढ होते, आमचंही असंच झालेलं, उकिरडा उकरला तर आतच अळ्या. यापुढे खत पूर्ण कुजवूनच टाका आणि त्यात मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी मिसळा, ओल असताना. आता मात्र वाळलेली झाडं उपटून खालच्या अळ्या वेचा, आणि काढणी झाली की लगेच खोल नांगरट करा, बगळे कावळे नांगरामागे येतात ते बरंच काम करतात. दाणेदार टाकलंत तर सेंद्रियची वर्षं परत पहिल्यापासून मोजावी लागतील, अण्णांना एवढं नक्की सांगा.

वाडीवरची ताई: वरचं बरोबर आहे पण एकट्याने हुमणी जात नाही हो भाऊ. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच मोठे झालेले किडे, जमिनीतून निघून कडुलिंब बाभळीवर बसतात आणि मग कुणाच्याही रानात अंडी घालतात. आमच्या वाडीत आठ-दहा घरं मिळून त्या आठवड्यात रोज रात्री साडेसातला बॅटऱ्या घेऊन निघतो, खाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, पोरंसुद्धा येतात. पूर्वी इर्जिक करायचे ना, सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात राबायचं, तसंच, ज्याच्या बांधावर शेवट होतो त्याच्याकडे चहा. रसायनवाले शेजारी पण येतात कारण त्यांचाही ऊस वाचतो. दोन-तीन वर्षं सलग केलं तेव्हा फरक दिसला, एका वर्षात होत नाही.

बांधावरून: सर्टिफिकेटसाठी पीजीएस बघा, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानेच एकमेकांची हमी द्यायची सरकारी पद्धत. कमीत कमी ५ शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांची शेतं आपणच तपासायची, वही ठेवायची, कंपनीच्या इन्स्पेक्टरचा खर्च नाही. रसायन सोडून सेंद्रियकडे वळायच्या काळात पीजीएस-ग्रीन मिळतं, नंतर ऑरगॅनिक. आणि कागद येईपर्यंत त्या १५ घरांना एका रविवारी शेतावर बोलवा, जीवामृताचा ड्रम दाखवा, भुईमूग गेला तेही सांगा. आम्ही सांगितलं तेव्हा एकही घर कमी झालं नाही, उलट तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले, बियाण्याचा खर्च त्यातच निघाला.

मूळ प्रश्नकर्ता: ताई, दादा, खूप आभार. खत कच्चंच होतं, आत्ताच उकरून बघितलं, वास येतोय अजून. अण्णांना ताईंचं उत्तर वाचून दाखवलं तर म्हणाले आम्ही लहानपणी असे भुंगेरे धरायचो. पीजीएसच्या गटासाठी वस्तीवर आमच्यासकट चार घरं तयार होतील असं वाटतंय, पाचवं शोधतोय.