नुक्सिओच्या दलदलीतील फळ्यांच्या वाटेवर धावणे

प्रश्न (डांबरीवीर): हेलसिंकीजवळच्या नुक्सिओ राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबरमध्ये धावण्याचा विचार आहे. सराव डांबरी रस्त्यावरचाच असल्याने, दलदलीतून टाकलेल्या लाकडी फळ्यांवर साधे बूट चालतील का?

उत्तर (रानवाट): कोरड्या दिवशी चालतील, मात्र पावसानंतर त्या फळ्या, आणि त्यांच्याहूनही अधिक पाइनची उघडी मुळे व शेवाळलेले खडक, इतके निसरडे होतात की खोल खाचांचा बुटाचा तळही पुरा पडत नाही, म्हणून आखूड पावले टाकावीत आणि वळणावर न धावता चालावे. समोरून कोणी आल्यास थांबावे. बाजूला उतरू नये. तेथे पाय रुततो, शिवाय तुडवलेला स्फॅग्नमचा (दलदलीतल्या शेवाळाचा) थर सावरायला वर्षे लागतात.

उत्तर (सह्यकडा): सुरुवातीला उद्यानातल्या हाउक्कालाम्पी तळ्यापासून निघणारा निळ्या खुणांचा सुमारे ४ किलोमीटरचा फेरा पुरे. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांची सवय असेल तर चढ किरकोळ वाटतील. खरी काळजी गोचिडींची: लांब मोजे घालावेत आणि परतल्यावर गुडघ्यांमागे, कमरेशी नीट पाहावे. त्यांच्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस मिळते; त्यांच्यामुळेच होणाऱ्या लाइम या जिवाणूजन्य रोगासाठी मात्र गोचीड लवकर काढणे महत्त्वाचे.

डांबरीवीर: आभार. बूट नवे घेतो, लसीचेही विचारतो.