मदत हवी आहे: भास्कराचार्यांचा माकडांचा श्लोक, मराठी अर्थासह

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. मुलांकडून बीजगणिताच्या इतिहासाचे तक्ते करून घेतेय. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्या, ६२८ मधले ब्रह्मगुप्ताचे धन-ऋणाचे नियम, इथवर झालं.

नवव्या शतकातला बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी, त्याचं उदाहरण मुलांना फार आवडलं. वर्ग अधिक दहा मुळं बरोबर ३९ (मूळ म्हणजे शोधायची संख्या, वर्ग म्हणजे तिचा वर्ग). पुठ्ठ्याच्या चौरसाला दोन बाजूंनी पाच-पाच रुंदीच्या पट्ट्या लावल्या, कोपऱ्यात २५ चा तुकडा बसवला. ३९ आणि २५ मिळून झाले ६४, बाजू आठ, त्यातून पाच गेले, उत्तर तीन. दुसरं उत्तर उणे १३, ते त्याने धरलंच नाही.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित'मध्ये (११५०) याच्याच जवळचं उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी माकडं गुहेत, एक बाहेर. उत्तरं ५० आणि ५. पैकी ५ ते नाकारतात, कारण ५ चा पाचवा भाग एक, आणि एकातून तीन कसे जाणार?

हा मूळ श्लोक मराठी अर्थासह कुठे मिळेल? नेटवर नुसतं समीकरण सापडतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात कुणी पाहिलाय का? जुनी छापील प्रत असेल तर त्या पानाचा फोटोही चालेल. संस्कृत जाणणाऱ्यांनी अन्वय करून दिला तर फारच उत्तम.