मदत हवी आहे: आयसीएसएसआरसाठी भूगोलाचं जॉइंट प्रपोजल
नमस्कार मंडळी, आम्ही दोन कॉलेजं मिळून आयसीएसएसआरला (समाजविज्ञानातल्या संशोधनाला निधी देणारी केंद्रीय संस्था) प्रपोजल टाकतोय, विषय माण-खटावच्या पर्जन्यछायेतल्या विहिरी आणि बदललेलं पीक. सेंटिनल-२ उपग्रहाच्या इमेजेस १० मीटर रिझोल्यूशनच्या, फुकट मिळतात त्यामुळे तिकडचा खर्च नाही, पण विहिरींची पातळी मान्सूनच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मोजायची म्हणजे गाडी, फील्ड असिस्टंट, सगळं आलं आणि बजेट तिथेच फुगतंय. दुसऱ्या कॉलेजच्या मॅडम को-पीआय (सह-प्रमुख संशोधक) आहेत, त्यांच्या वाटचं काम वेगळं दाखवायचं की एकत्रच? आणि दोन्ही तालुके ठेवू की फक्त माण? मला तरी एकच बरा वाटतो, सर ऐकत नाहीत 😅 कोणाचं मंजूर झालेलं असेल तर बजेट कसं मांडलं तेवढं सांगा प्लीज.