‘फादर’, ‘रेव्हरंड’, ‘अपोस्टल’... मत्तय २३ वाचूनही हे म्हणायचं का?

माळव्यातला:
बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २३वा अध्याय काढा आणि ५ ते १२ वचनं वाचा. येशू शास्त्री-परूश्यांबद्दल, म्हणजे तेव्हाच्या ज्यू धर्मपुढाऱ्यांबद्दल बोलतोय, ह्यांना मेजवानीत मानाची जागा पाहिजे, सभास्थानात पुढचं आसन पाहिजे, बाजारात लोकांनी नमस्कार करावेत आणि रब्बी रब्बी (म्हणजे गुरुजी) करावं. मग म्हणतो तुम्ही स्वतःला रब्बी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आणि तुम्ही सगळे भाऊ. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. पुढारी म्हणवून घेऊ नका. तुमच्यात जो मोठा त्याने सेवक व्हावं. आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे?

आम्ही इंदौरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती, कॅनेडियन मिशनच्या वेळचे, त्यामुळे घरात पाद्रीसाहेब, रेव्हरंड हे ऐकतच वाढलो आणि कधी काही वाटलंही नाही. पण हल्ली एकेका सभेचे जे फ्लेक्स लागतात ना, बोलणाऱ्याचा फोटो डोक्यापासून पायापर्यंत, कोट-टाय, नावाआधी ‘अपोस्टल (प्रेषित) डॉक्टर’, नावानंतर ‘जी’, आणि येशू कुठंय तर वर कोपऱ्यात, मोबाईल नंबरच्या शेजारी. आत गेलात तर पुढं सोफा, सोफ्यावर पांढरा टॉवेल, मागं आमच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. सहावं वचन जसंच्या तसं मांडून ठेवलंय असं वाटतं. माझं म्हणणं साधं आहे, हे सगळे किताब बंद करा, फादर पण आणि रेव्हरंड पण. बंधू म्हणा, विषय संपला.

वसईकर इंदौरात:
दादा, फ्लेक्सचा राग आहे तो बरोबर आहे, पण तो आम्हा कॅथलिकांच्या फादरांवर का काढताय?

तुम्ही म्हणता तसं अक्षरशः घ्यायचं तर घरी बाबांना काय हाक मारणार? ह्याच मत्तयात १५व्या अध्यायात येशू आईबापाचा मान राख ही आज्ञा स्वतः सांगतो. लूक १६ मध्ये त्याच्याच गोष्टीतला श्रीमंत माणूस ‘हे पित्या अब्राहामा’ अशी हाक मारतो, त्याबद्दल येशू त्याला टोकत नाही. स्तेफन मरायच्या आधी भाषण सुरू करतो (प्रेषितांची कृत्ये ७) तेव्हा समोरच्यांना बंधू आणि वडीलजन असंच म्हणतो. आणि पौल तर करिंथकरांना सरळ लिहितो की ख्रिस्तात तुम्हाला गुरू हजारो मिळतील पण बाप फार नाहीत, सुवार्तेच्या द्वारे मी तुमचा बाप झालो (१ करिंथ ४:१५). मग पौलाने येशूची आज्ञा मोडली म्हणायचं का?

आणि हो, त्याच ओळीत गुरू म्हणू नका हेही आहे. तुमच्या संडे स्कूलमध्ये ‘टीचर’ म्हणत नाहीत?

माळव्यातला:
पौल नातं सांगतोय, पदवी नाही मागत. त्याला कोणी ‘फादर पौल’ म्हणाल्याचं एक वचन दाखवा. येशूचा शिष्य पेत्र त्याचा उल्लेख कसा करतो बघा, दुसऱ्या पत्रात, ‘आपला प्रिय बंधू पौल’. आणि पेत्र स्वतःला काय म्हणतो, तर मंडळीच्या वडिलांना (म्हणजे ज्येष्ठांना, बापांना नव्हे) लिहिताना ‘मी तुमच्यासारखाच एक वडील’ आणि लगेच पुढं सांगतो की कळपावर धनीपणा करू नका. कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी पाया पडायला गेला तर त्याला उठवून म्हणाला ऊठ, मीही माणूसच आहे. आजच्या सभांमध्ये असं कोणाला उठवताना बघितलंय का तुम्ही? मी तर पाय पुढं करताना बघितलेत.

दत्तभक्त:
मी ख्रिस्ती नाही, मध्ये बोलतोय माफ करा. आमच्या घरात नाना महाराज तराणेकरांचा फोटो आहे, इंदौरच्या निम्म्या मराठी घरांत असेल. आजी त्यांना महाराज म्हणायची ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही, तिला दुसरं काही म्हणताच आलं नसतं. मान देणाऱ्याचीही एक गरज असते हे तुमच्या चर्चेत कोणी बोलतच नाहीये. नुसतं बंधू म्हणून आजीचं समाधान झालं नसतं.

माळव्यातला:
@दत्तभक्त काका, नेमकं तेच तर आहे. ८ आणि १० ही वचनं मान घेणाऱ्याला आहेत, म्हणवून घेऊ नका. पण मधलं ९वं देणाऱ्याला आहे, म्हणू नका. म्हणजे येशूने दोघांनाही धरलंय. आणि अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की तो लोकसमुदायाशी आणि शिष्यांशी बोलतोय, नुसत्या पुढाऱ्यांशी नाही. पुढारी फुगतो कारण आपण हवा भरतो, हे त्याला माहीत होतं.

साधा विश्वासी:
आमेन. आमच्या ब्रदरन सभेत हा प्रॉब्लमच नाही. पगारी पाळक नाही, झगा नाही, किताब नाही. प्रचारक बख्त सिंगांनी देशभर एवढ्या मंडळ्या उभ्या केल्या तरी शेवटपर्यंत लोक त्यांना ब्रदर बख्त सिंगच म्हणत राहिले. वचन पाळायचं ठरवलं की पाळता येतं.

पलासियाची काकू:
भैया मी तुमच्याकडे लग्नानिमित्त दोन-चारदा येऊन गेलेय. ‘ब्रदर आले, ब्रदरना आधी वाढा, ब्रदर काय म्हणतात ते बघू’ — हे कोणत्या ब्रदरबद्दल चाललंय ते तिथल्या पोरांनासुद्धा कळत होतं. सभेत बाकी पन्नास पुरुष होते, त्यांना कोणी विचारत नव्हतं. किताब काढून टाकला तरी खुर्ची तिथेच राहते. आणि आम्हाला सिस्टर म्हणून मागच्या बाजूला बसवून तोंडाला कुलूप, ते कोणत्या भावंडांत बसतं?

भाऊ म्हणणं काय असतं ते बघायचं असेल तर लांब जायला नको. सिस्टर राणी मारियांना २५ फेब्रुवारी १९९५ला उदयनगरहून इंदौरला येणाऱ्या बसमधून ओढून भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही नन, ज्याने मारलं त्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. चर्चने २०१७मध्ये इथेच इंदौरला त्यांना ‘धन्य’ जाहीर केलं, तो मोठा किताबच आहे, पण त्याने माझं काही बिघडलेलं नाही. ज्यांनी मिळवलाय त्यांना द्या की.

साधा विश्वासी:
काकू, दोन-चार लग्नांवरून सगळ्यांचा निकाल लावू नका. बाकी स्त्रियांचा विषय वेगळा आहे.

पलासियाची काकू:
तो नेहमीच वेगळा असतो.

जुन्या वह्या:
थोडा इतिहास टाकतो कारण दोन्ही बाजू असं बोलतायत जणू हे किताब पहिल्या दिवसापासून होते किंवा काल परवा आले.

ज्यू परंपरेत हिल्लेल, शम्मय या जुन्या गुरूंच्या नावाआधी रब्बी लागत नाही, ती ठरीव पदवी म्हणून रुळली ती साधारण इ.स. ७०मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर. म्हणजे येशूच्या काळात ही मान घ्यायची नवी लाट असावी आणि तो तिच्यावर बोलतोय असं मला वाटतं. पुढं चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंना लोक अब्बा (बाबा) म्हणायला लागले, सल्ला विचारायला जायचे म्हणून. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठाचे नियम लिहिले त्यात स्पष्ट म्हटलंय की मठाधिपतीला हा मान ख्रिस्ताखातर आहे, त्याच्या स्वतःच्या हक्काचा नाही. त्याच शतकाच्या शेवटी कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप ‘सार्वत्रिक’ कुलपती (म्हणजे सगळ्या चर्चचा प्रमुख) हा किताब लावायला लागला तेव्हा रोमचा पोप पहिला ग्रेगरी भडकला आणि स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणायला लागला. गंमत अशी की तोही शेवटी किताबच झाला, पोपच्या फर्मानांवर आजही दिसतो! इंग्लंडात तर साध्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) कॅथलिक पाद्रीला १९व्या शतकापर्यंत मिस्टरच म्हणायचे, फादर नंतर सर्रास झालं. आणि २०१४मध्ये पोप फ्रान्सिसने धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंना मॉन्सिन्योर हा मानाचा किताब द्यायचा तर वयाच्या ६५ वर्षांनंतरच, असा नियम केला. म्हणजे आतूनही खटकत होतं.

आपल्याकडचं बघा. नारायण वामन टिळकांना मराठी माणूस रेव्हरंड टिळक म्हणतो, कारण नुसतं टिळक म्हटलं की लोकमान्य उभे राहतात. दोघांनाही बिरूद आहे आणि दोघांचंही कोणाला खुपत नाही. पण ह्याच रेव्हरंडांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे एकत्र. रमाबाईंना पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८मध्ये दिली, ख्रिस्ती व्हायच्या आधी, आणि ती नंतरही राहिली.

वसईकर इंदौरात:
वा. आणि फादर दिब्रिटो? २०२०ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्यांना फादरच म्हणत होता, हिंदू सुद्धा. कोणाचा स्वर्गीय पिता कमी झाला का?

@माळव्यातला, तुम्ही ५व्या वचनापासून सुरू केलंत, २ आणि ३ सोडलीत. तिथं येशू म्हणतो हे लोक मोशेच्या आसनावर बसलेत, म्हणून ते जे सांगतील ते पाळा, फक्त त्यांच्यासारखं वागू नका. म्हणजे आसन त्याने उडवलं नाही, बसणाऱ्याला झोडपलं. आणि त्याची बोलायची पद्धतच अशी आहे, उजवा डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक म्हणतो, मुळीच शपथ घेऊ नका म्हणतो. तुमच्या मंडळीतले लोक कोर्टात साक्षीला गेले की शपथेवर बोलतातच ना. क्वेकर पंथाच्या लोकांनी शपथ पण सोडली आणि किताब पण सोडले, त्यांना मी मानतो. तुम्ही मात्र एकच वचन अक्षरशः घेताय, तेही जे आमच्यावर पडतं ते.

माळव्यातला:
दोघांवर पडतं म्हणून तर रेव्हरंड पण लिहिलं होतं वर. वाचा परत.

आणि आसनाचं म्हणाल तर २-३ वचनं मान्य, पण ८व्यात ‘पण तुम्ही’ असं वळण आहे, त्यांचं असं आहे, तुमचं असं नसावं. मार्क १० मध्ये पण हेच, परराष्ट्रीयांचे राजे धनीपणा करतात, तुमच्यामध्ये तसं नाही. तुम्ही आसन उचलून सरळ मंडळीत आणून ठेवताय.

टिळकांचं उदाहरण मला तर माझ्याच बाजूचं वाटतं. किताब होता आणि माणूस त्यातून बाहेर पडायला धडपडत होता.

छप्पनवाला:
ते ‘डॉक्टर’चं पण बोला कोणीतरी. आमच्या ओळखीत एक बारावी नापास पास्टर आहेत, एका हॉटेलात कार्यक्रम झाला, काळा गाऊन, टोपी, फोटो, झाले डॉक्टर. किती पैसे लागले ते विचारलं तर म्हणाले सेवेची पावती आहे भिया. पावती तर पैसे दिल्यावरच मिळते 😂

पलासियाची काकू:
हसण्यावारी नका नेऊ. मला किताबाची भीती वेगळ्या कारणाने वाटते. एकदा माणूस ‘देवाचा अभिषिक्त’ झाला की त्याला काही विचारायची सोय उरत नाही. लगेच स्तोत्र १०५ काढतात, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. ते स्तोत्र आख्खं वाचा कधीतरी, तिथं अब्राहाम, इसहाक, याकोब ह्यांच्याबद्दल चाललंय, मूठभर लोक, परक्या देशांत भटकणारे, आणि धमकी राजांना आहे. दुबळ्यांच्या संरक्षणाचं वचन आणि ते वापरतो कोण, तर ज्याच्याकडे दानपेटीची किल्ली आहे तो.

वसईकर इंदौरात:
काकूंशी शंभर टक्के सहमत, आणि तरी मी फादर म्हणणारच. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात पौल पेत्राला सगळ्यांच्या तोंडावर झापतो, पण त्याचं प्रेषितपण नाही काढून घेत. माझ्या आधीच्या पॅरिशमध्ये मी फायनान्स कमिटीवर होतो. छपराच्या कामाचा खर्च जुळत नव्हता तर मिस्सा (रविवारची उपासना) झाल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, फादर, व्हाउचर कुठंयत? फादर आत गेले, फाइल घेऊन आले, पत्र्याचं बिल दोनदा चढलं होतं.

माळव्यातला:
तुमच्याकडे फाइल तरी निघाली. आमच्याकडे वार्षिक सभेत हिशोबाचा ‘हि’ काढला की कोणीतरी उठतो आणि म्हणतो आपण आधी साहेबांसाठी प्रार्थना करू.