मदत हवी आहे: परदेशात ओळखी होतात, मैत्री होत नाही

नोकरीसाठी परदेशात येऊन आठ महिने झाले. ऑफिसात सगळे गोड बोलतात, ‘कधीतरी भेटू’ म्हणतात. ते कधीतरी काही उजाडत नाही. शुक्रवारी पाचला लॅपटॉप मिटले की सोमवारपर्यंत माझं तोंड बंद. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. एखाद्या मीटअपला जाऊन ते कसे भरणार? (दोनदा गेलो, दोन्ही वेळा नवेच चेहरे.) दर आठवड्याला तीच माणसं भेटतील असं काय धरू? भाषेचा वर्ग, बॅडमिंटन, की स्वयंसेवा? तुमचं कशातून जमलं? आणि आगाऊपणा न वाटता पहिल्यांदा घरी कसं बोलवायचं?